सातव्या थांब्याची चार मिनिटे

७ सप्टेंबर, शनिवार

ही वही उघडण्याचे धाडस मी करीत आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागते. दुसऱ्यांच्या रोजनिशा वाचणे हा माझा उद्योग आहे. मेणाचा व्यापार करून केव्हाच मरून गेलेल्या माणसांच्या. त्यामुळे कुणी रोजचे मन कागदावर उतरवून ठेवले, की शंभर वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांची काय दशा होते, हे मला पुरते ठाऊक आहे. पुढे या वहीची नोंद करण्याची वेळ ज्या सहकाऱ्यावर येईल, त्याची मी आत्ताच माफी मागून ठेवते. अक्षर तरी स्वच्छ काढीन.

लिहिण्याचे कारण एवढेच, की मार्गदर्शक मंडळाच्या अधिकृत नोंदवहीत 'अनुभव' या रकान्यात तीनच ओळी आहेत, आणि आजचा अनुभव तीन ओळींत मावत नाही.

शिबाओका-सान सायकलवरून पडले. एकोणऐंशीव्या वर्षी, कालव्याच्या पुलावर, एका हातात उघडी छत्री धरून. पाय मोडला, तीन महिने घरी. ते आमच्या किझुमि गावचे निवृत्त पोस्टमन आणि गेली बावीस वर्षे शनिवारच्या वारसा-फेरीचे अनभिषिक्त राजे. मंडळाच्या उरलेल्या अठरा सभासदांपैकी बारा जणांचे गुडघे चालत नाहीत, चौघांचे कान चालत नाहीत, आणि दोघांचे एकमेकांशी पटत नाही. त्यामुळे फेरी माझ्याकडे आली. मी, हातानाका फुमिनो, गावच्या संग्रहालयात एका वर्षाच्या करारावर जुने कागद लावते. शाळेत मी नेहमी पहिली येत असे. पहिल्या येणाऱ्या मुलीला कुणी मोठ्याने बोलायला सांगत नाही. तिच्या उत्तरपत्रिका बोलतात. माझा आवाज माझ्या टेबलाची कड ओलांडत नाही.

अकरा पाहुणे, नऊ थांबे, नव्वद मिनिटे. तिसऱ्या थांब्यावर एका सद्गृहस्थांनी अत्यंत अदबीने विचारले, "ताई, सुरुवात झाली का?"

सातवा थांबा, दहा चाळीसचा, म्हणजे ओगिवारा घराण्याचे मेणाचे कोठार. आरशासारखा घोटलेला काळा गिलावा, आणि पश्चिमेच्या भिंतीला वरून खाली उतरलेली एक भेग. इथे चार मिनिटे, मग स्वच्छतागृह, असे पत्रकात छापलेले आहे. कोठाराला लागून हातभर रुंदीचा बोळ, आणि बोळापलीकडे कुसाका तोकुजि या निवृत्त गवंड्याचे अंगण. आम्ही थांबलो मात्र, आणि कुंपणामागे रेडिओ सुरू झाला, पूर्ण आवाजात. कोळ्यांसाठी असलेला समुद्राचा हवामान-अंदाज. किझुमिपासून समुद्र चाळीस किलोमीटर आहे. शिवाय त्या अंगणात एका खड्ड्यात पेंढा घातलेला चिखल कुजत पडलेला आहे, आणि त्याचा वास गटाराला लाजवील असा आहे. पाहुण्यांनी रुमाल काढले. मी माझी चार मिनिटे बोलले. काय बोलले ते केवळ मलाच ठाऊक.

अधिकृत नोंदवहीत लिहिले: 'वातावरण प्रसन्न होते.'

१० सप्टेंबर, मंगळवार

शिबाओका-सानांना भेटायला गेले. पाय उशांच्या डोंगरावर, आणि जीभ नेहमीपेक्षा मोकळी.

"फुमि-चान, तुझं सगळं बरोबर असतं गं. म्हणून तर कुणी ऐकत नाही."

"मी सनावळ्या तपासून घेते," मी म्हटले.

"सनावळ्या तपासायला लोक येत नाहीत, सुट्टीवर येतात. सातव्या थांब्यावर काय सांगतेस?"

मी सांगितले. भिंतीची जाडी, गिलाव्याचे थर, चुन्यात काजळी मिसळण्याचे प्रमाण.

"अरे देवा," ते म्हणाले, आणि त्यांनी ताटातली जेवायची काडी थापीसारखी हातात धरली. "हे बघ. आगीची घंटा झाली, की प्रत्येक कोठाराचा ठरलेला गवंडी ओली माती घेऊन धावत यायचा आणि दाराच्या फटी बुजवायचा. फट बुजली की आग बाहेर. इतकं त्यांना सांगायचं. मग आवाज खाली घ्यायचा. मेइजि चौतीस, म्हणजे एकोणीसशे एकची मोठी आग. गवंडी आला खरा, पण येण्याआधी तांदळाच्या दारूची सुरई रिकामी करून. ही फट बुजवली. ही बुजवली. ही..." इथे त्यांनी डोळे तिरळे केले आणि काडी भिंतीऐवजी स्वतःच्या नाकाला लावली. "ही राहिली. अंगठ्याएवढी. झालं! सगळं मेण भस्म. म्हणून आम्ही म्हणतो, ओगिवारांचं कोठार आगीनं नाही जळलं, सुरईनं जळलं."

मी हसले, हे कबूल करायला हवे. मग विचारले, "हे खरं आहे का?"

"बावीस वर्षं सांगतोय. आता नाही खरं, तर कधी होणार?"

१४ सप्टेंबर, शनिवार

ते हसले! सतरा माणसे, एकाच वेळी, माझ्यामुळे. मी आरशासमोर तीन संध्याकाळी सराव केला होता. थापी म्हणून पत्रकाची गुंडाळी वापरली. नाकाला माती लागली तेव्हा ओसाकाहून आलेल्या एका बाईंना डोळे पुसावे लागले. आठव्या थांब्यावर लोक माझ्याजवळ सरकून उभे राहिले, ऐकू यावे म्हणून. चोविसाव्या वर्षी प्रथमच मला कळले, की माणसांचा घोळका ही एखाद्या पुस्तकासारखी उबदार गोष्ट असू शकते.

रेडिओ मात्र आज आणखी मोठा होता. हास्याच्या भरात 'पश्चिमेकडील वारे जोरदार' एवढेच शब्द वर तरंगत राहिले. हा मनुष्य कोणत्या जन्मीचे वैर साधतो आहे, कळत नाही. एकदा नीट तक्रार केली पाहिजे.

१८ सप्टेंबर, बुधवार

नगरकार्यालयातून लेखनिक आले. भिंतीची भेग जानेवारीच्या भूकंपात पडली. दुरुस्तीला सरकारी अनुदान मंजूर आहे. पण काम गावच्या मूळ पद्धतीने, घोटलेल्या काळ्या गिलाव्यात झाले पाहिजे, आणि तो गिलावा येणारा सबंध जिल्ह्यात एकच माणूस उरला आहे. कुसाका तोकुजि. त्याची सही तीस नोव्हेंबरपर्यंत मिळाली नाही, तर अनुदान बुडणार. मग वाटसरूंच्या डोक्यावर भिंत येऊ नये म्हणून वसंतात कोठार उतरवून टाकणार. एकशे साठ वर्षांचे कोठार, आणि त्या जागी सहा मोटारींचा वाहनतळ.

"तीन पत्रं पाठवली," लेखनिक म्हणाले. "तिन्हींवर 'जमणार नाही' लिहून परत. का, ते नाही. तुम्ही दर शनिवारी तिथं जाता. जरा बोलून पाहा ना."

गावात आठ हजार माणसे आहेत. त्यांतली सर्वांत अबोल व्यक्ती या कामी निवडली गेली.

२० सप्टेंबर, शुक्रवार

गेले. तोकुजि-सान शहात्तर वर्षांचे आहेत. बुटके, आखूड मानेचे. खड्ड्याच्या काठावर बसून लांब दांड्याने तो भयंकर चिखल ढवळत होते. मला पाहताच म्हणाले, "या, या, मास्तरीणबाई. आज हातवारे नाही केलेत?"

माझ्या मार्गदर्शनाची कीर्ती बोळापलीकडे पोहोचल्याचे ऐकून मला संकोच वाटला. मी वाकून आभार मानले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

मी तीन मुद्दे टिपून नेले होते. पहिला, रेडिओ. दुसरा, चिखलाला झाकण. तिसरा, भिंत.

"रेडिओ माझा," ते म्हणाले. "माझ्या अंगणात वाजतो."

"पण समुद्राचा अंदाज कशाला? इथं बोटी नाहीत."

"दहा चाळीसला दुसरं काही मोठ्यानं लागत नाही."

"आणि हा चिखल? पाहुणे नाक धरतात."

"धरू दे. फेब्रुवारीत घातलाय. पेंढा कुजल्याशिवाय मातीला चिकटा येत नाही."

"तुम्ही तर निवृत्त झालात. मग कशासाठी?"

"मुरायला," असे उत्तर आले, जणू मी मुरण्याविषयीच विचारले होते.

भिंतीचे नाव काढताच ते उठले. "त्या कामाला एखादा शुद्धीतला गवंडी बघा म्हणावं." मला जवाचा चहा दिला, आणि फाटकापर्यंत पोचवले.

या उत्तराचा अर्थ मला लागला नाही. त्यांच्या तोंडाला दारूचा वास मुळीच नव्हता. कप धरलेला हात दगडासारखा स्थिर होता. वयोमानाने काही लोक स्वतःविषयी विचित्र विनोद करतात. लेखनिकांना कळवले: 'चर्चा सुरू आहे.'

५ ऑक्टोबर, शनिवार

पाऊस. चार पाहुणे, चौघेही हसले. सप्टेंबरात त्या भेगेत माझ्या पेन्सिलीचे टोक जात होते. आता पेन्सिल उभी राहते.

९ ऑक्टोबर, बुधवार

ओगिवारा घराण्याने चाळीस वर्षांपूर्वी संग्रहालयाला दिलेल्या पेट्यांपैकी अकरावी आज उघडली. वरची दोरीसुद्धा मूळची. इतकी वर्षे कुणी ती का सोडली नाही, हे आतले अक्षर पाहताच कळले: मुख्य कारकुनाची धावती लिपी, पावसात पळणाऱ्या मुंग्यांसारखी. मला ती वाचता येते. घोळक्यात गोष्ट सांगणे नवे असले तरी हे जुने आहे.

मेइजि चौतीस. आगीचे वर्ष! शनिवारच्या गोष्टीला एखादी खमंग जोड मिळेल, या हावेने मी जेवण सोडून बसले.

कारकून लिहितो: पहिल्या घंटेलाच गवंडी आला. त्याचे स्वतःचे घर वाऱ्याच्या तोंडी होते. ते पेटल्याचे त्याला कोठाराच्या शिडीवर असताना ओरडून सांगितले. तो शिडीवरून उतरला नाही. दोन दरवाजे आणि तीन खिडक्या त्याने लिंपल्या. नंतर कारकुनाने स्वतः, ओला तळवा फिरवून, सर्व कडा तपासल्या. 'वारा शिरेल एवढीही जागा राहिली नाही.'

म्हणजे अंगठ्याएवढी फट नव्हती. पुढची पाने एकमेकांना चिकटली आहेत, उद्या सोडवीन.

गवंड्याचे नाव दिले आहे. कुसाका यासुके.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

पाने सुटली. जसे वाचले तसे लिहिते.

आग विझली. कोठार उभे होते, आतले मेण सुरक्षित होते. गवंड्याने मालकाला सांगितले, की भिंती आतून अजून तापलेल्या आहेत, दार उघडले तर आत हवा जाईल आणि मेण पेटेल, थांबा. किती दिवस थांबा, तो आकडा नेमका किड्याने खाल्ला आहे. मालकाचा धीर तिसऱ्याच सकाळी सुटला. गवंडी दारासमोर मांडी घालून बसला. चौघांनी त्याला उचलून बाजूला ठेवले. 'दार उघडताच कोठाराने श्वास घेतला,' असे कारकून लिहितो, आणि पुढे अर्धे पान कोरे आहे. मेण दोन दिवस जळत होते.

शेवटची ओळ: 'बाहेर विचारणा झाल्यास लिंपणात फट राहिली होती असे सांगावे, अशी मालकांची आज्ञा.'

सुरईचा कुठेच उल्लेख नाही. ती बहुधा पुढच्या शंभर वर्षांत आपोआप भरत गेली.

शुद्धीतला गवंडी. हातवारे. दहा चाळीस.

मी ती गोष्ट चार वेळा सांगितली आहे. तोकुजि-सानांच्या कुंपणापासून सहा पावलांवर. नाकाला माती लावून. आणि नंतर त्यांच्याच अंगणात उभी राहून वाकून आभार मानले आहेत.

१२ ऑक्टोबर, शनिवार

सातव्या थांब्यावर मी म्हटले, "हे मेणाचे कोठार," आणि पुढे शब्द फुटला नाही. जुनी गोष्ट सांगवेना, नवी सांगायला मंडळाची परवानगी नाही. चार मिनिटे आम्ही पंधरा जण उभ्याने समुद्राचा अंदाज ऐकत राहिलो. शेवटी एका आजोबांनी समाधानाने मान हलवली. "लाटा दीड मीटर. वाईट नाही."

१५ ऑक्टोबर, मंगळवार

ओगिवारा-सानांकडे गेले. ते मंडळाचे अध्यक्ष, बँकेतून शाखाप्रमुख म्हणून निवृत्त झालेले, आणि कोठाराचे मालक. दार उघडणारे ते त्यांचे पणजोबा. पुढ्यात मूळ कागद, शेजारी मी केलेली स्वच्छ प्रत, आणि सातव्या थांब्याचा नवा मजकूर ठेवला. आकड्याच्या जागी मी 'सुमारे सात दिवस' असे लिहिले होते. इतर गावांच्या कागदांत सात आढळतात.

त्यांनी सर्व वाचले. चष्मा पुसला. पुन्हा वाचले. मग मजकुराच्या कोपऱ्यातल्या माझ्या शिक्क्यावर बोट ठेवले.

"हातानाका-सान, हा सरळ मारलात."

"हो."

"कनिष्ठाने शिक्का किंचित कलता मारावा. वरिष्ठाच्या चौकटीकडे. म्हणजे शिक्का मान लववतो. बँकेत आम्ही पहिल्या आठवड्यात हे शिकवायचो."

माझ्यासमोर शंभरावर वर्षांचा एक अन्याय पसरलेला होता, आणि चर्चा वीस अंशांच्या कोनाची चालली होती.

"आणि मजकूर?" मी विचारले. माझा आवाज मला स्वतःलाच मोठा वाटला.

"अनुकूल दृष्टीने अभ्यास करू. सहमतीचं पत्रक सभासदांत फिरवा. एकोणीस शिक्के झाले, की बदल अधिकृत." मग खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "आजोबा नववर्षाच्या जेवणाला ती सुरईची गोष्ट सांगायचे. सगळे हसायचे. ते स्वतः कधी हसले नाहीत. मला वाटायचं, सांगण्याची हातोटी असेल."

त्यांनी स्वतःचा शिक्का मारला नाही. अध्यक्षांनी शेवटी मारायचा असतो.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पत्रकावर पहिले नाव शिबाओका-सानांचे. त्यांनी कागद हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला.

"चाळीस वर्षं तोकुजिच्या दारात पत्रं टाकली मी," ते म्हणाले. "नववर्षाला मला तांदळाचं भाजलेलं मोचि द्यायचा तो. निवृत्तीनंतर गोष्ट सांगायला लागलो, आणि मोचि बंद झालं. मला वाटलं, आता पोस्टमन नाही राहिलो, म्हणून."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"पोस्टमनला कुणाचं घर कुठलं, एवढंच ठाऊक असतं, फुमि-चान. ते तरी ठाऊक होतं ना?" त्यांनी शिक्का मारून कागद परत दिला. "मला आता ती थांब्यावर सांगवणार नाही. तूच सांग. डोळे तिरळे न करता."

२ नोव्हेंबर, शनिवार

चौदा शिक्के. अभिप्राय खालीलप्रमाणे.

तीन सभासद: नवा मजकूर पावणेसहा मिनिटांचा होतो, सातव्या थांब्याला चारच मिनिटे आहेत, स्वच्छतागृहाचे काय?

एक सभासद: विनोद काढल्यास फेरी कोरडी होईल. माझ्याकडे बदकाचा एक विनोद आहे, तो घ्यावा.

एक सभासद: 'छान.' (याखाली पत्रकावर कुणीतरी बशी ठेवल्याचा सोया सॉसचा गोल डाग.)

आणि आता पत्रक अडकले आहे, कारण पंधरावे आणि सोळावे सभासद हे तेच दोघे, ज्यांचे एकमेकांशी बोलणे बंद आहे. पंधरावे म्हणतात, त्याच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही. मी नेऊन देते म्हटले, तर म्हणतात, नियमाप्रमाणे सभासदानेच सभासदाच्या हाती दिले पाहिजे. दोघांच्या घरांमध्ये एक कुंपण आहे, कमरेइतके.

तोकुजि-सानांना सर्व जाऊन सांगावे, असे दर शनिवारी मनात येते. पण काय सांगू? एकांतात क्षमा, आणि लोकांसमोर चार मिनिटांचे मौन? अपमान लोकांसमोर झाला होता. आणि तसे केले, तर लेखनिक म्हणतील, छान, आता सही घ्या. मग ती क्षमा म्हणजे सहीसाठी दिलेली लाच ठरेल. रेडिओ मात्र अजून लागतो. मी गप्प असते, तरीही लागतो. माझ्या मौनाची त्यांना खात्री कशी वाटावी?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

पत्रक कुंपणाच्या अलीकडेच आहे. लेखनिकांनी आठवण केली: पंधरा दिवस उरले. उद्याच्या फेरीला जिल्ह्याच्या अधिकारीणबाई पाहुणी म्हणून येणार, म्हणून ओगिवारा-सान गुडघ्याला पट्टा बांधून रांगेच्या शेपटाला निशाण धरून चालणार आहेत. 'तेव्हा छापील मजकुराप्रमाणेच व्हावे,' असा त्यांचा निरोप आला. छापील मजकुरात अजून सुरई आहे.

मी आयुष्यात एकही नियम मोडलेला नाही. ग्रंथालयाचे पुस्तकसुद्धा मी कधी उशिरा परत केलेले नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

तेवीस पाहुणे, आणि मागे ओगिवारा-सान. दहा चाळीसला सातवा थांबा. रेडिओ लागला.

मी कोठाराकडे पाठ करून, बोळाकडे तोंड करून उभी राहिले. पाहुण्यांना माझी एकच बाजू दिसत होती. मार्गदर्शक पुस्तिकेच्या दुसऱ्याच पानावर हे निषिद्ध म्हटले आहे.

"या कोठाराविषयी गेली बावीस वर्षे इथे एक विनोद सांगितला जातो," मी म्हटले. "मीही तो चार वेळा सांगितला. तो खोटा आहे."

'दक्षिणेकडे धुके,' रेडिओ म्हणाला. मी आवाज चढवला. तो चढतो, हे मला ठाऊक नव्हते. मी गवंड्याचे नाव सांगितले, संपूर्ण: कुसाका यासुके. त्याचे घर जळत असताना तो शिडीवर होता, हे सांगितले. ओल्या तळव्याने तपासलेल्या कडा सांगितल्या. दारासमोर घातलेली मांडी सांगितली, आणि चौघांनी त्याला उचलले ते. मेणावर हवा कशी गेली ते. दार कुणी उघडवले, तेही सांगितले. तेव्हा शेपटाकडचे निशाण मला दिसत होते, आणि ते हलले नाही.

"त्याने थांबायला सांगितले होते," मी म्हटले. "सात दिवस..."

त्याच वेळी माझ्या लक्षात आले, की मी विनाकारण ओरडते आहे. रेडिओ बंद झाला होता. केव्हा, कोण जाणे.

"आठ!"

सर्वांनी वळून पाहिले. कुंपणावर आखूड मानेचे एक डोके उगवले होते.

"सात नाही, आठ. साध्या कोठाराला सात, मेणाच्या कोठाराला आठ. आमच्याकडे पोराला थापी देण्याआधी हे पाठ करून घेतात. मास्तरीणबाई, सांगायचं तर नीट सांगा."

"आठ," मी म्हटले. "चूक झाली. क्षमा करा." आकड्याविषयी म्हटले की सगळ्याविषयी, ते मी स्पष्ट करू शकले नाही, मी तशीच वाकून राहिले, आणि पुन्हा वर पाहिले तेव्हा ते फाटकातून बाहेर आलेले होते. पाहुण्यांमधून वाट काढत ते थेट भिंतीपाशी गेले. भेगेत दोन बोटे घातली, बाहेर काढून चोळली, हुंगली.

"ओगिवारा-सान," भिंतीकडे पाहूनच ते म्हणाले, "ताडपत्री आहे का?"

"आहे."

"मग आजच टाका. अजून एक पाऊस झाला तर ही काही राहत नाही. सोमवारी येतो. आता मातीचे थर, चुना वसंतात. चिखल तयार आहे."

"कागद..." ओगिवारा-सान म्हणाले. "म्हणजे, नगरकार्यालयाचा."

"पाठवा. चौथा."

यानंतर ते दोघे वृद्ध गृहस्थ भिंतीसमोर शेजारी शेजारी उभे राहिले. जिल्ह्याच्या अधिकारीणबाईंनी हळूच मला विचारले, "हा वास कसला?" मी म्हटले, "पेंढ्याचा. फेब्रुवारीत घातलाय." हे बोलता बोलता जानेवारीतली भेग, फेब्रुवारीतला चिखल असे महिने माझ्या मनात एकापुढे एक येऊन उभे राहिले.

सातव्या थांब्याला एकोणीस मिनिटे लागली. आठवा आणि नववा थांबा रद्द. स्वच्छतागृहासमोर रांग आणि नाराजी. अधिकृत नोंदवहीच्या तीन ओळींत मी फक्त 'उशीर झाला' असे लिहिले.

फेरीनंतर ओगिवारा-सान मंडळाच्या खोलीत आले. पंधराव्या सभासदाकडून पत्रक त्यांनी स्वतः आणले होते. माझ्याकडे न पाहता त्यांनी मजकुरातला सात खोडला, वर आठ लिहिला, आणि खिशातून शिक्क्याची डबी काढली. चार चौकटी रिकाम्या असताना अध्यक्षांनी शिक्का मारणे नियमात बसत नाही. मी तसे म्हणणारही होते. पण त्यांनी मारला, आणि तोही चौकटीत नव्हे, तर खाली मजकुरात, यासुकेच्या नावाच्या ओळीशेजारी. शिवाय कलता, त्या नावाकडे. मला कोनाचे धडे देणाऱ्या माणसाने! टेबलाशी न बसता उभ्यानेच मारल्यामुळे तसे झाले असावे.

मी म्हटले, "पुन्हा स्वच्छ प्रत काढू का?"

"नको," ते म्हणाले. "असाच जाऊ दे."

सातव्या थांब्याचे पान, खाडाखोड, सोयाचा डाग आणि रिकाम्या चौकटींसह, एकोणीसही सभासदांना फॅक्सने पाठवले: शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४, दुपारी एक वाजून बारा मिनिटे.